फॅक्टर ऑफ सेफ्टी

मशीन डिझाइनच्या पेपरात चेन ड्राइव्हवर एक प्रश्न हमखास असतो आणि पोरं तो हमखास सोडून देतात. बेल्ट लिहितात, गिअर लिहितात, चेनला कोणी विचारत नाही. या सावत्रपणाचा मला फार राग. म्हणून वर्गात मी चेनवर तासच्या तास खर्ची घालतो. हान्स रेनॉल्डने १८८० साली मँचेस्टरमध्ये बुश-रोलर चेन काढली, तिथून सुरुवात करतो. त्याच्या कितीतरी आधी लिओनार्दो दा विंचीने वहीत चेनची चित्रं काढून ठेवली होती, हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो. लिओनार्दोत आणि माझ्यात तेवढं एक साम्य आहे. दोघांनीही चेन फक्त काढली, चढवली कधीच नाही.

माझ्या खास आवडीचा भाग म्हणजे बहुभुजाचा. स्प्रॉकेट आपल्याला गोल दिसतं, पण चेनच्या लेखी तो बहुभुज असतो, कारण चेन वाकते ती फक्त सांध्यांत. त्यामुळे इंजिन अगदी एका लयीत फिरलं तरी चेनचा वेग दात्यागणिक कमी-जास्त होत राहतो. ११ दात्यांच्या स्प्रॉकेटवर हा फरक ४ टक्क्यांचा, १५ दात्यांवर २ टक्क्यांच्या थोडा वर. पुढचं स्प्रॉकेट जितकं लहान तितकी चेनची थरथर जास्त. हे मी फळ्यावर कोसाइन मांडून सिद्ध करतो, खडू झटकतो आणि मागे वळून बघतो. मागच्या बाकावरची पोरं साधारण त्याच सुमारास जागी होत असतात.

अशा या अधिकारी पुरुषाकडे पोरं कार्टचा प्रस्ताव घेऊन आली.

कार्ट म्हटलं की लोकांना सुट्टीत पोराबाळांना नेऊन, टायरच्या भिंतीला धडका मारत फिरायचं खेळणं आठवतं. मूळही तसं साधंच आहे. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या, रेसिंग गाड्या बांधणाऱ्या कारागिराने लोखंडी नळ्या जोडून त्यावर अडीच अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं आणि पहिली कार्ट धावली. पुढे सेना आणि शूमाकरसारखे फॉर्म्युला वनचे जगज्जेते याच खेळण्यातून वर आले. आमच्या कोल्हापुरातही कार्टिंगचा खरा ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या इथे झाल्या आहेत, आणि इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत जाऊन आला आहे. तेव्हा या गावात पोरांना कार्टचं वेड लागलं तर नवल नाही. पन्नाशीच्या प्राध्यापकाला लागलं, हे नवल.

रेसिंग कार्टला सस्पेन्शन नसतं आणि डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच पोकळ ॲक्सलला घट्ट बांधलेली असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, आणि दोघं एकत्र जखडलेली. मग वळावं कसं? त्यासाठी चेसिस पिळवटते आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं. म्हणजे कार्टची चेसिस मुद्दामच वाकणारी करतात. आता याच वाकणाऱ्या चेसिसच्या नळ्यांवर एकीकडे इंजिन, दुसरीकडे ॲक्सलचं बेअरिंग आणि दोघांच्या मध्ये चेन. हे वाचून तुम्हाला जी शंका आली असेल, ती मला इतकी वर्षं वर्गात शिकवताना कधी शिवली नाही.

इंजिनाची कथा थोडक्यात सांगतो. एका माजी विद्यार्थ्याने आपली केटीएम ड्यूक ३९० एका पुलाच्या कठड्याला भेटवली. तो वाचला, बाइकची चेसिस वाचली नाही, इंजिन शाबूत राहिलं. त्याच्या वडिलांनी ‘हे घरात दिसता कामा नये’ या एका अटीवर ते कॉलेजला दान केलं. ३७३ सीसी, ४३ च्या आसपास अश्वशक्ती. जागतिक स्पर्धांतल्या गिअरवाल्या १२५ सीसीच्या ‘केझेड’ कार्टची ताकद साधारण एवढीच असते, आणि ड्रायव्हरसकट त्यांचं किमान वजन १७५ किलोंच्या आसपास. कागदावर आम्ही जागतिक दर्जाचे झालो होतो. कागदावर मी नेहमीच असतो.

बाइकचं मागचं चाक दोन फूट व्यासाचं, कार्टचं ११ इंचांचं. बाइकचं ४५ दात्यांचं स्प्रॉकेट कार्टला लावलं तर खाली जमिनीला टेकायलाच येईल. म्हणून मागे २२ दात्यांचं घेतलं, पुढे बाइकचंच १५ चं ठेवलं. चेन ५२० नंबरची. बाइकला जिथे शंभरावर कड्या लागतात तिथे आमचं काम ५६ कड्यांत भागलं, आणि उरलेल्या चेनचं काय करायचं यावर पोरांनी एक वेगळी मीटिंग घेतली. मी हिशेब मांडला. टायर घसरायला लागेपर्यंत चेनवर जास्तीत जास्त ओढ येणार सुमारे ४०० किलोंची. चेन तुटायला लागतात अडीच टनांहून जास्त. भागाकार केला. फॅक्टर ऑफ सेफ्टी सहा! तो आकडा मी लाल शाईने लिहून भोवती चौकट काढली आणि कागद वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवला. तो आजही तिथे आहे. त्याखाली पोरांनी नंतर जे लिहिलं ते इथे देत नाही.

बांधणीचं काम उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडे होतं. ज्यांना उद्यमनगर ठाऊक नाही त्यांना एवढंच सांगतो की ऑइल इंजिनच्या जमान्यापासून हा भाग लेथच्या आवाजावर जगतो, आणि इथे एखादा पार्ट ‘मिळत नाही’ असं कोणी म्हणत नाही. ‘उद्या या’ म्हणतात. मेस्त्री सत्तरीकडे झुकलेले, शिक्षण सातवी, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची. मला ते ‘सर’ म्हणत, पण त्या ‘सर’मध्ये आदरापेक्षा सोशिकपणा जास्त होता.

कार्टभोवती एक चक्कर मारून त्यांनी पहिला प्रश्न टाकला, “ह्येच्यात रबर कुठाय?”

“कसलं रबर?”

“बाइकच्या मागच्या हबात असत्यात न्हवं, रबराचं ठोकळं. हिसका बसला की आदी त्ये दबत्यात, मग चेनला कळतंय. हितं स्प्रॉकेट थेट ॲक्सललाच.”

मी भिंतीकडे बोट केलं. “मेस्त्री, फॅक्टर ऑफ सेफ्टी सहा आहे.”

“कशाचा?”

“ओढीचा.”

“आणि हिसक्याचा?”

“तो... त्यातच आला,” मी म्हणालो. पंचवीसेक वर्षं शिकवल्यावर माणसाला एक कला साधते. उत्तर येत नसलं की आवाज खाली न्यायचा.

दुसरा वाद लॉकचा. चेनची दोन टोकं जोडायला आपल्याकडे लॉक टाकतात: दोन पिनांची एक कडी, वरून एक पट्टी आणि त्या पट्टीला धरून ठेवणारी नखाएवढी क्लिप. मेस्त्रींचं म्हणणं, एवढ्या ताकदीला लॉक नको, रिव्हेट मारून कायमची जोडू. कारण कारखान्यातली प्रत्येक कडी पिनेवर दाबून बसवलेली असते, लॉकची पट्टी मात्र हाताने सरकेल इतकी सैल असते. अख्ख्या चेनमध्ये तेवढी एकच कडी उसनी. पोरांचं म्हणणं, ट्रॅकवर स्प्रॉकेट बदलायला चेन काढावी लागते, लॉक बरा. मी पोरांच्या बाजूने निकाल दिला आणि ‘सर्व्हिसेबिलिटी’ हा शब्द वापरला. तो शब्द आला की उद्यमनगर गप्प बसतं असा माझा अनुभव होता. मेस्त्री गप्प बसले खरे, पण ते माझ्या मुद्द्याने नाही, तोंडात तंबाखू होती म्हणून.

तिसरा वाद चेन गार्डचा. बाइकच्या इंजिनात चेन डाव्या अंगाला असते आणि कार्टमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या उजव्या हाताला बसतं. म्हणजे चेन आली बरोबर आपल्या उजव्या कोपराशेजारी, जिथे आपली किडनीही राहते. स्पर्धांच्या नियमांत चेन गार्ड सक्तीचा आहे तो उगाच नाही. मेस्त्रींनी जाड पत्र्याचा गार्ड वाकवून आणला. मी म्हणालो, चाचणीपुरता कशाला? एवढ्या लोखंडाने पॉवर-टू-वेट रेशो बिघडतो. मेस्त्रींनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. नजर बुटांपासून निघाली आणि पोटाशी आल्यावर तिथेच थांबली. मग काही न बोलता त्यांनी गार्ड बसवला आणि चारही बोल्ट आवळले.

मुहूर्त ठरला खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्या वर्कशॉपमध्ये लेथपासून हॅक-सॉपर्यंत सगळ्यांची पूजा होते. प्राचार्य पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते. कार्टला हळदकुंकू, इंजिनाला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. आणि पोरांनी चेनची दोन टोकं मुद्दाम मोकळी ठेवलेली. “सर, लॉक तुमच्या हस्ते,” ती म्हणाली. मी बाह्या सरसावल्या. लॉक कसा बसवायचा यावर माझी एक स्वतंत्र स्लाइड आहे, बाणासकट. बाण कोणत्या दिशेचा हे मात्र ऐन वेळी आठवेना, आणि फोटोग्राफर ‘सर, इकडे बघा’ म्हणत होता. मी इकडे बघत क्लिप दाबली. टक् असा छान आवाज आला. टाळ्या झाल्या.

आता चेनला तेल. मेस्त्री म्हणाले, चालवून आल्यावर देऊ. मी म्हणालो, कोरडी चेन चालवायची? आणि नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा डबा सढळ हाताने वरून ओतला. मागची चाकं स्टँडवर होती. पोराने सेल मारला, मी ॲक्सिलरेटर वाढवायला सांगितलं, आणि केंद्रोत्सारी बल म्हणजे काय हे प्राचार्यांना कमरेपासून खांद्यापर्यंत तिरप्या रेषेत समजलं. फिरणाऱ्या चेनवर बाहेरून ओतलेलं तेल बाहेरच उडतं, हे मी पहिल्या सत्रातच शिकवतो. प्राचार्य मूळचे केमिस्ट्रीचे, त्यांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

चालवायचं कोणी, यावर खरं तर वाद नव्हता. टीममध्ये दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, ४८ किलोची, वडिलांच्या ट्रॅक्टरवर वाढलेली. सीट तिच्या मापाची होती. “मी चालवतो सर,” ती म्हणाली. (कोल्हापूरच्या मुली ‘चालवतो’च म्हणतात.) मी म्हणालो, “पहिली चाचणी जोखमीची असते. ती जबाबदार व्यक्तीनेच करायची.” माझं वजन ८८ किलो. सौभाग्यवतींचा आकडा वेगळा आहे, पण त्यांचा वजनकाटा किराणा दुकानातून आलेला आहे.

त्या सीटमध्ये मी बसलो असं म्हणता येणार नाही. मला बसवण्यात आलं. दोघांनी खांदे दाबले, एकाने गुडघे जुळवले. आत गेल्यावर कळलं की श्वास अर्धाच घेता येतो. चेसिसने खालून कुरकुर केली. मेस्त्री वाकून मागे काहीतरी बघत होते. “सर, जरा थांबा, बघू द्या,” म्हणाले. पण हेल्मेट चढलं की आपल्याला काही ऐकू येत नाही, असं आपण म्हणू शकतो.

कॉलेजच्या मागच्या पार्किंगचा डांबरी पट्टा लांबलचक आहे. त्याच्या मधोमध गटाराचं एक लोखंडी झाकण आहे, डांबरापेक्षा बोटभर वर आलेलं. त्या झाकणाबद्दल विद्यार्थी संघटनेने निवेदन दिलं होतं आणि मी त्यावर ‘योग्य ती कार्यवाही’ असा शेरा मारला होता.

पहिला गिअर, क्लच सोडला, आणि मागून कोणीतरी सीटसकट लाथ घातली. कार्टमध्ये बूड जमिनीपासून चारेक बोटं वर असतं. त्या उंचीवरून ताशी चाळीस किलोमीटरही चारशेसारखे दिसतात. दुसरा गिअर. टोकाशी वळण घेतलं, म्हणजे मी ब्रेक दाबला आणि कार्ट स्वतःच वळली. कार्टचा ब्रेक मागच्या ॲक्सलवर असतो. तो कारसारखा जोरात दाबला की ॲक्सल जागच्या जागी जखडतं, आणि क्लच दाबलेला नसेल तर फिरतं इंजिन एकदम अडतं. तो सगळा धक्का खाते चेन, तोही उलट्या बाजूने. हे मला माहीत होतं. मला सगळंच माहीत होतं.

परतीच्या वाटेवर पोरं ओरडत होती. ती ‘थांबा’ म्हणत होती, मला ‘जाऊ द्या’ ऐकू आलं. प्राचार्य, मेस्त्री, निम्मं कॉलेज बघतंय म्हटल्यावर मी ॲक्सिलरेटर तळाला टेकवला आणि थेट झाकणावरून गेलो. मागची चाकं उडाली. हवेत असताना त्यांना अडवायला काही नव्हतं, ती इंजिनाबरोबर सुसाट फिरली. मग खाली आली आणि डांबराने त्यांना एका क्षणात पकडलं. रबर नाही, सस्पेन्शन नाही. मधे फक्त चेन.

फाट् असा आवाज झाला आणि उजव्या कोपराशी कोणीतरी घण मारल्यासारखा पत्रा वाजला.

चेन तुटली की गाडी थांबते अशी माझी समजूत होती. गाडी थांबत नाही. इंजिन तिच्यापासून मोकळं होतं आणि जीव खाऊन किंचाळायला लागतं. कार्ट आपल्या वेगाने तशीच पुढे गेली, जास्वंदीच्या कुंपणात शिरली आणि थांबली. मला बाहेर काढायला सीटचे बोल्ट खोलावे लागले. कार्टचे सोडून फोटोग्राफरने फक्त तेवढेच फोटो काढले.

चेनचा एक भाग पुढच्या स्प्रॉकेटवर गोळा होऊन इंजिनाच्या केसिंगला घुसला होता, तिथे करंगळीएवढी चीर पडून तेल गळत होतं. दुसरं टोक गार्डवर आपटलं होतं. जाड पत्र्याला माझ्या कोपराच्या बरोबर उंचीवर वाटीएवढा पोचा आला होता. मेस्त्रींनी त्या पोच्यात बोट फिरवलं आणि मला विचारलं, “सर, रेशो किती बिघडला?”

कॉलेजच्या शिरस्त्याप्रमाणे चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष म्हणून, विषयातला तज्ज्ञ या नात्याने, माझीच नियुक्ती झाली. ही संधी मी वाया घालवली नाही. प्राथमिक अहवालात मी लिहिलं, ‘धार्मिक विधीच्या वेळी वापरलेल्या हारातील दोरा चेन व स्प्रॉकेट यांमध्ये अडकल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ झेंडूला वकील नसतो.

दुर्दैवाने पोरांनी स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून अख्खा पट्टा पिंजून काढला. लॉकची क्लिप सापडली, आणि सापडली ती झाकणाच्या बऱ्याच अलीकडे, वळणाजवळ. म्हणजे ती आधीच उडाली होती. मग पट्टी सरकली, पिना एका बाजूने उघड्या पडल्या आणि झाकणावरच्या हिसक्याने वाकून तुटल्या. मेस्त्रींनी ती क्लिप तळहातावर ठेवली. एक टोक बंद आणि गोल, दुसरं फाकलेलं. “ही मासोळी हाय बगा. ह्ये त्वांड, ही शेपटी. मासोळी कुटं पवती? त्वांडाकडं. चेन जिकडं पळती तिकडं त्वांड पायजे. शेपटी पुढं केली की वाटंत जे लागंल त्ये शेपटीत घुसतंय आणि मासोळी उडती. कुणी बसवली उलटी?”

हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा होता.

पण मेस्त्री एवढ्यावर थांबले नाहीत. उलटी क्लिपसुद्धा उगाच उडत नाही, तिला काहीतरी घासलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चेनचे तुकडे रॉकेलमध्ये धुऊन कापडावर मांडले आणि मला भिंग दिलं. चेनच्या आतल्या पट्ट्या एकाच बाजूने चकाकत होत्या, मागच्या स्प्रॉकेटचे दातेही एकाच अंगाने घासलेले. म्हणजे दोन्ही स्प्रॉकेटं एका रेषेत नव्हती. “पण आपण तर स्टीलची पट्टी लावून बघितली होती,” मी म्हणालो. अगदी खरं होतं. मागच्या स्प्रॉकेटच्या चेहऱ्याला पट्टी टेकवली तेव्हा ती पुढच्यालाही बिनफटीची टेकत होती.

“व्हय. रिकामी असताना,” मेस्त्री म्हणाले. “सर, जरा बसता काय आत?”

बसलो. दोघांनी खांदे दाबले. मेस्त्रींनी पट्टी लावली, फटीत फीलर गेज सरकवला, एक पान, दुसरं पान, मग सगळी पानं एकदम. ३ मिलिमीटर! मी उतरलो, ती मुलगी बसली. फट जवळपास नाही. पुन्हा मी. पुन्हा ३ मिलिमीटर. शिवाय मी बसलो की सैल चेन ताठ व्हायची, कारण चेसिस वाकून ॲक्सल मागे सरकायचं. आणि चेन तर मी स्वतः पाना मारून आधीच तारेसारखी ताणून ठेवली होती, कारण ‘सैल चेन उतरते’. फार ताणलेली चेन बेअरिंगं खाते आणि स्वतःही मरते, ही माझीच स्लाइड क्रमांक चौदा. पोरांनी रजिस्टरमध्ये नोंद केली, ‘विचलन: ३ मिमी प्रति सर’. तेव्हापासून आमच्या वर्कशॉपमध्ये ‘सर’ हे भाराचं एकक आहे. परवा पुढच्या बॅचच्या एका पोराने व्हायवामध्ये बाहेरच्या परीक्षकांना ‘चेसिस दीड सरला तपासली आहे’ असं सांगितल्याचं कानावर आलं.

अजून एक गोष्ट निघाली. इंजिनाच्या क्लॅम्पखाली नळीवर ताजा ओरखडा होता. इंजिन चांगलं चारेक मिलिमीटर मागे सरकलं होतं. मी म्हणालो, हे कसं शक्य आहे, इंजिन तर चेनला ओढतं. मेस्त्रींनी माझ्याकडे अशा मायेने पाहिलं की मला लहानपणचे मास्तर आठवले. “इंजिन चेनला वढतंय, तसं चेन बी इंजिनाला वढती की सर. जेवढ्यास तेवढं.” न्यूटनचा तिसरा नियम मी दरवर्षी सांगतो. तो उद्यमनगरात रॉकेलच्या वासात ऐकेपर्यंत मला तो परीक्षेपुरता वाटत होता.

दुसरी चेन मेस्त्रींनी त्यांच्या पद्धतीने चढवली, आणि मी फक्त बॅटरी धरली. लॉक नाही, रिव्हेट. इंजिन आणि ॲक्सलच्या बेअरिंगचा खांब यांच्यामध्ये एक टेका, म्हणजे चेनने कितीही ओढलं तरी इंजिन मागे येणार नाही. ॲक्सलला दोनाऐवजी तीन बेअरिंगं, तशी ताकदवान कार्टना असतातच. मागचं स्प्रॉकेट २२ चं काढून २३ चं, कारण चेनच्या कड्या समसंख्येत असल्या आणि दातेही समसंख्येत असले की त्याच दात्यावर कायम त्याच प्रकारची कडी येऊन बसते आणि झीज एकाच जागी साठते. नव्या चेनबरोबर दोन्ही स्प्रॉकेटंही नवी. जुन्या, वाकड्या झालेल्या दात्यांवर चढवलेली नवी चेन बघता बघता जुनी होते. प्रत्येक नट-बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ मारली, नट आणि नळी दोन्हींवरून जाणारी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पाना लावून बघायलाही नको.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो चेनच्या ताणावर, आणि ते मात्र बघण्यासारखं होतं. ड्रायव्हर आत बसवून, मेस्त्री चाक हाताने फिरवत आणि बोटाने चेन वर-खाली करत होते. एका जागी बोटभर खेळ, पाव फेरा पुढे गेलं की निम्मा. कुठलंही स्प्रॉकेट अगदी मध्यावर बसत नाही, कुठलंही ॲक्सल अगदी सरळ नसतं. जिथे चेन सर्वांत ताठ होते ती जागा शोधायची, तिथे दांडीवर खडूची खूण करायची आणि त्या जागेला बेताचा ढिलेपणा राहील असा ताण ठेवायचा. मी म्हणालो, सरासरी काढली तर? मेस्त्री म्हणाले, “चेन सरासरीवर तुटत न्हाई.”

तेलही आता वेगळ्या पद्धतीने. कार्ट फेऱ्या मारून आली, चेन गरम आहे, तेव्हा चाक हळू फिरवत चेनच्या आतल्या अंगाला पातळ धार सोडायची. आतून घातलेलं तेल फिरताना बाहेरच्या दिशेने, म्हणजे रोलर आणि पिनांमधून, जातं. मग थांबायचं आणि वरचं पुसून काढायचं. चिकट राहिलं तर त्यावर पार्किंगची धूळ बसते आणि चेन स्वतःलाच घासत राहते. तेवढ्यात मागच्या स्प्रॉकेटवर चेन चिमटीत धरून मागे खेचायची. अर्धा दाता दिसला तर ती चेन संपली, भावनेत गुंतायचं नाही.

कार्ट आता ती मुलगी चालवते. वळणावर आतलं मागचं चाक कागद सरकेल एवढं उचलते आणि अलगद टेकवते, ब्रेकच्या वेळी क्लच दाबते, झाकणाला वळसा घालते. (झाकण अजून तसंच आहे. योग्य ती कार्यवाही सुरू आहे.) तिचं वजन किमान वजनात बसत नाही म्हणून सीटला शिशाचे तुकडे बोल्टने लावावे लागतात. त्याऐवजी सरांचा काही भाग लावता येईल का, अशी सूचना टीमच्या मीटिंगमध्ये आली होती. ती मी इतिवृत्तातून वगळली. अंतिम अहवाल मी सादर केला आहे, त्यात हाराचा उल्लेख नाही, ‘असेंब्लीच्या वेळी दिशाविषयक तफावत’ असा आहे. प्राचार्यांचा शर्ट धोब्याकडून दोनदा परत आला.

एक गोष्ट मात्र थट्टेत घालवायची नाही. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही पोरांना भाड्याच्या कार्टिंगला नेणार असाल. फिरत्या चाकांत, ॲक्सलमध्ये केस किंवा ओढणी अडकून आपल्या देशात जीव गेले आहेत. तेव्हा केस बांधून हेल्मेट आणि कपड्यांच्या आत घ्या, ओढणी, मफलर, स्कार्फ गाडीतच ठेवा, आणि बसण्याआधी कार्टच्या मागे जाऊन वाका. इंजिन आणि ॲक्सलमधल्या चेनवर धातूचं कव्हर आहे का, ते बोल्टने बसवलंय की तारेने बांधलंय, ते बघा. नसेल तर पैसे परत मागा. नाही दिले तरी बसू नका.